जमीन विकू नका, राजीनामाही देऊ नका

प्रश्न : ताई, माझे मिस्टर ४३ वर्षांचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. लहानपणापासून त्यांना रातांधळेपणा होता. तिशीत डॉक्टरांनी आर.पी. सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, औषध नाही म्हणाले. आता समोरासमोर बसलं की चेहरा ओळखतात, ठळक अक्षर वाचतात, पण बाजूचं काही दिसत नाही. संध्याकाळ झाली की सगळंच संपतं. गेल्या दसऱ्याच्या सुमारास एसटी स्टँडजवळच्या उघड्या गटारात पडले, पाय मोडला. पाय बरा झाला, पण तेव्हापासून एकटे उंबऱ्याबाहेर गेलेले नाहीत. रजा वाढवत आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, स्वेच्छानिवृत्ती घेऊन टाका. दिरांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातल्या एक आजी डोळ्यात चिप बसवून वाचताना दिसतात. दिरांच्या ओळखीतून पुण्यातल्या एका एजंटाशी बोलणं झालं. तो म्हणतो, परदेशात नेऊन ‘बायोनिक आय’ बसवून देतो, सगळे मिळून ६५ लाख, त्यातले ५ लाख आधी नोंदणीचे. रस्त्याकडेची ३० गुंठे जमीन विकली तर पैसे उभे राहतात. मिस्टर हो-नाही काहीच बोलत नाहीत. पांढरी काठी आणू का म्हणून विचारलं तर दोन वेळा जेवले नाहीत. काय करू?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर :

ताई, ते ५ लाख अजून दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर पावती, मेसेज, बँकेची नोंद जपून ठेवा आणि पैसे परत मागायला आजच सुरुवात करा. जमिनीचा विषय दिरांना बंद करायला सांगा. हे सगळ्यात आधी लिहिते आहे, कारण पुढचं तुम्ही निवांत वाचावं असं मला वाटतं, आणि डोक्यावर व्यवहाराची घाई असेल तर ते जमणार नाही.

मी अंध आणि अल्पदृष्टी माणसांना एकट्यानं फिरायला शिकवते. आर.पी. असलेले बरेच लोक माझ्याकडे येतात आणि हल्ली त्यांतले कितीतरी जण असलाच एखादा व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन येतात. व्हिडिओ खोटा नसतो. तुमच्या वर्णनावरून तुम्ही पाहिलेला व्हिडिओ ‘प्रिमा’ नावाच्या चिपचा असावा. २ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद, जाडी केसापेक्षाही कमी. ही चिप डोळ्याच्या पडद्याखाली सरकवतात. चष्म्यावर कॅमेरा असतो, तो समोरचं चित्र टिपतो आणि डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशातून ते चिपवर टाकतो. चिपवरचे ३७८ बारीक घटक सौर पॅनेलच्या तत्त्वावर त्या प्रकाशाची वीज करतात आणि पडद्यातल्या जिवंत पेशींना टोचणी देतात. डोळ्यात वायर नाही, बॅटरी नाही. मूळ कल्पना स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक डॅनियल पलांकर यांची. युरोपातल्या ५ देशांत ३८ रुग्णांवर तिची चाचणी झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आले. वर्षभर पाठपुरावा झालेल्या ३२ जणांपैकी २६ जणांना तक्त्यावरची अक्षरं आधीपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त वाचता आली. या क्षेत्रात इतका चांगला निकाल मी याआधी वाचलेला नाही. त्या आजींचा आनंद खरा आहे, आणि तो बघून तुमच्या दिरांना भावासाठी धावावंसं वाटलं, तेही खरं आहे.

पण त्या आजींचा आजार कोणता, हे व्हिडिओत कुणी नीट सांगत नाही. त्यांना वयोमानानं होणारी पडद्याच्या मध्यभागाची झीज असते. डॉक्टर तिला एएमडी म्हणतात. त्यात मधली नजर जाते आणि कडेची राहते. म्हणजे त्या आजींना समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पुस्तकातली ओळ दिसत नाही, पण दाराची चौकट, बाजूनं येणारी गाडी, पायाजवळचं स्टूल हे कडेच्या नजरेनं कळतं. चिप त्यांना वाचायला मदत करते. चालायला त्या आधीपासून आपली कडेची नजरच वापरतात.

तुमच्या मिस्टरांचं नेमकं उलट आहे. आर.पी.त आधी कडेच्या पेशी मरतात. नजर चहूबाजूंनी आत आत सरकत जाते आणि शेवटी मधोमध एक नळीएवढी जागा उरते. म्हणून ते तुमचा चेहरा ओळखतात, अक्षर वाचतात आणि तरी गटारात पडतात. आता बघा, ६५ लाख देऊन जी गोष्ट बसवायची ती देणार काय, तर मधली थोडी नजर, तीही पिवळट-पांढऱ्या ठिपक्यांची. ती तर त्यांच्याकडे आजही आहे, आणि या चिपच्या नजरेपेक्षा कितीतरी चांगली आहे. जिवंत मध्यभागाखाली चिप सरकवायची म्हणजे हातात आहे तेही घालवायचं. कुठलाही जबाबदार सर्जन त्यांच्या डोळ्याला असल्या कामासाठी हात लावणार नाही. एजंटानं तुमच्याकडून फाइल मागवली का? नजरेचं क्षेत्र मोजणाऱ्या फील्ड टेस्टचा रिपोर्ट मागितला का? पत्रात तसं काही दिसत नाही. डोळ्याचे कागद न बघता जो आधी नोंदणीचे पैसे मागतो त्याच्याशी बोलणं तिथंच थांबवायचं.

तुम्ही म्हणाल, मग आर.पी.साठी काहीच नाही का? होतं. तीही कहाणी सांगते, कारण एजंट उद्या दुसरं नाव घेऊन येईल.

‘अर्गस २’ नावाचं यंत्र खास आर.पी.साठीच बनवलं होतं. कॅलिफोर्नियातल्या ‘सेकंड साइट’ या कंपनीचं. २०११ मध्ये युरोपात आणि २०१३ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. किंमत साधारण दीड लाख डॉलर, शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा. ज्यांना जेमतेम उजेड-अंधार कळतो किंवा तोही कळत नाही, अशांनाच ते बसवत. तुमचे मिस्टर त्यात तेव्हाही बसले नसते. पडद्यावर एक पातळ पट्टी खिळवायची, तिच्यावर ६० इलेक्ट्रोड, म्हणजे पेशींना विजेची टोचणी देणारे बिंदू. चष्म्यात कॅमेरा, कमरेला छोटा संगणक, मध्ये वायर. दारात ६ ओळींत १०-१० ठिपके काढावेत आणि रेघा जोडायच्याच राहून जाव्यात, तशी रांगोळी डोळ्यासमोर आणा. त्यातले काही ठिपके लुकलुकतात, काही विझतात, आणि त्यावरून समोर काय आहे ते मेंदूनं ओळखायचं. रंग नाही, चेहरा नाही. हे सगळं किती जागेत, तर हात लांब केला की वीतभर रुंदीच्या चौकटीत. कॅमेरा चष्म्यावर असल्यामुळे डोळा फिरवून उपयोग नाही, मान फिरवावी लागते. डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, आणि प्रत्येक फेरीत आलेले ठिपके मनात जोडत जायचं. हे शिकायला महिने लागत.

एवढं करून काय मिळे? चाचणीत ३० जणांना ते बसवलं होतं. खोलीच्या पलीकडच्या भिंतीवरचं दार शोधणं, जमिनीवरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालत जाणं, यांत यंत्र चालू असताना ते बंद असण्यापेक्षा जास्त यश येई. पांढरे मोजे आणि काळे मोजे वेगळे करता येत. पूर्ण काळोखात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला खिडकी कुठं आहे हे कळणं, समोर कुणीतरी उभं आहे हे कळणं, याचं मोल मी कमी लेखणार नाही. काहींनी त्याचं वर्णन करताना डोळ्यांत पाणी आणलं आहे. पण पहिल्या ३ वर्षांत त्या ३० पैकी ११ जणांना यंत्रामुळे किंवा शस्त्रक्रियेमुळे गंभीर त्रास झाले, हेही त्याच अहवालांत आहे. आणि रस्त्यावर चालताना हे लोकही काठी किंवा प्रशिक्षित कुत्रा सोडत नसत. साठ ठिपक्यांत उघडं गटार दिसत नाही. स्टँडवर झोपलेलं कुत्रं दिसत नाही, दुकानासमोर आडवी लावलेली मोटरसायकल दिसत नाही. तुमच्या मिस्टरांचा पाय ज्या गोष्टीनं मोडला, तिच्यावर हे यंत्र असतं तरी उपाय नव्हता.

आता या कहाणीतला जो भाग मला आजही अस्वस्थ करतो तो. जगभरात सुमारे ३५० लोकांनी हे यंत्र डोळ्यात बसवून घेतलं. २०१९ मध्ये कंपनीनं ते बनवणं थांबवलं. २०२० मध्ये पैसे संपत आले आणि बहुतेक कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. ज्यांच्या डोळ्यात यंत्र होतं त्यांतल्या अनेकांना कुणी धड कळवलंही नाही. चष्मा बिघडला तर दुरुस्ती नाही, कमरेचा संगणक बिघडला तर दुसरा नाही. एका अमेरिकन तंत्रज्ञान मासिकानं २०२२ मध्ये ही माणसं शोधून त्यांच्याशी बोलून सगळं छापलं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत गाडी बदलत असताना एका बाईंचं यंत्र तीनदा बीप वाजलं आणि कायमचं बंद पडलं. आणखी एका गृहस्थांच्या मेंदूत गाठ आहे का ते पाहायला डॉक्टरांना एमआरआय हवा होता. डोळ्यात धातूचं यंत्र, त्याबद्दल विचारायचं तर कंपनीत फोन उचलायला माणूस नाही. जर्मनीत ‘रेटिना इम्प्लांट’ या कंपनीनं दीड हजार बिंदूंची चिप बनवली होती, कल्पना उत्तम होती, तीही कंपनी २०१९ मध्ये बंद झाली. तुमच्या व्हिडिओतली ‘प्रिमा’सुद्धा पॅरिसच्या ज्या कंपनीनं वाढवली तिचं दिवाळं निघालं, आणि २०२४ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं ती विकत घेतली म्हणून काम पुढं गेलं. शरीरात कायमची राहणारी गोष्ट जी कंपनी विकते तिच्यावर पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीची सक्ती असली पाहिजे, यंत्राचे आराखडे आणि सुटे भाग कुठंतरी सुरक्षित ठेवायची सक्ती असली पाहिजे. हे माझं ठाम मत आहे. आज तशी सक्ती नाही. म्हणून उद्या आर.पी.वर खरोखर चांगलं इम्प्लांट आलं तरी पहिला प्रश्न हा विचारायचा : दहा वर्षांनी बिघडलं तर कुणाकडे जायचं, आणि काढायचं झालं तर खर्च कुणाचा?

मेंदूत बसवायच्या यंत्रांबद्दलही तुम्हाला सांगतील. ती कल्पना जुनी आहे. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये गाइल्स ब्रिंडली यांनी एका अंध परिचारिकेच्या मेंदूवर ८० इलेक्ट्रोड ठेवले आणि तिला प्रकाशाचे ठिपके दिसले. स्पेनमधल्या एल्चे इथं अलीकडे ९६ सूक्ष्म सुया वापरून १६ वर्षं अंध असलेल्या एका शिक्षिकेला काही अक्षरं आणि आकार ओळखता आले, पण ती यंत्रणा ६ महिन्यांसाठी होती, नंतर काढली. काचबिंदूनं डोळ्याची नसच गेली आहे, अशांसाठी या वाटेचा कधीतरी उपयोग होईल, कारण तिथं डोळ्यातली चिप काही करू शकत नाही. मेंदूत बसवायची यंत्रं बनवणाऱ्या ‘न्यूरालिंक’ या अमेरिकन कंपनीच्या यंत्राला सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ‘ब्रेकथ्रू’ असा दर्जा दिला, त्यावरून आपल्याकडे पुष्कळ फॉरवर्ड फिरले. तो दर्जा म्हणजे तपासणी लवकर करू, एवढंच. विकायची परवानगी नव्हे.

एजंटाबद्दल अजून थोडं. खरी वैद्यकीय चाचणी असेल तर तिच्यात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून यंत्राचे पैसे मागत नाहीत. चाचणी नसेल आणि मंजूर उपचार असेल तर रुग्णालयाचं नाव, सर्जनचं नाव आणि यंत्राचं नाव लेखी मिळतं. या दोन्हींतलं काहीच नसेल तर उरतो तो फक्त तुमचा सातबारा. उद्या हाच माणूस किंवा दुसरा कुणी ‘स्टेम सेल’ म्हणेल. त्यालाही नाही म्हणा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकनं डोळ्यांत असली इंजेक्शनं दिली आणि तीन बायकांची होती ती नजर गेली, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे. दिरांना हे सांगताना त्यांचा अपमान होऊ देऊ नका. भावासाठी जमीन विकायला निघालेला माणूस आहे तो. त्यांना काम द्या, जे पुढं सांगते आहे.

पहिलं काम डोळ्यांचं. ‘औषध नाही’ हे वाक्य तिशीत ऐकल्यावर अनेक आर.पी. रुग्ण डॉक्टरकडे जाणंच सोडतात. तसं करू नये. आर.पी.त मोतीबिंदू लवकर येतो, तो काढला की उरलेली नजर पुष्कळदा स्वच्छ होते. पडद्याच्या मध्यभागी सूज येते, ती ओसीटी तपासणीत, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये, दिसते आणि तिच्यावर थेंब किंवा गोळ्या असतात. ती नळीएवढी मधली नजर जपणं हे आजचं सगळ्यात महत्त्वाचं वैद्यकीय काम आहे. पडद्याच्या तज्ज्ञाकडून वर्षातून एकदा तरी तपासणी झाली पाहिजे. जनुकीय चाचणीही करून घ्यावी, त्यासाठी हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद किंवा चेन्नईचं शंकर नेत्रालय अशा संस्थेत एकदा जाऊन या. कोणत्या जनुकात दोष आहे हे कळलं की मुलांबद्दलची धास्ती अंदाजावर राहत नाही. आरपीई-६५ या एका जनुकाच्या दोषावर २०१७ पासून अमेरिकेत मंजूर उपचार आहे. तो फार महाग आहे आणि फार थोड्या रुग्णांना लागू पडतो, पण अशा गोष्टी वाढत जाणार आहेत आणि त्या वेळी ज्याचा जनुकीय रिपोर्ट तयार आहे त्याचा नंबर आधी लागेल. हैदराबादचा प्रवास आणि चाचणी मिळून जो खर्च येईल तो ६५ लाखांच्या पासंगालाही पुरायचा नाही. दिरांना हे करू द्या.

दुसरं काम नोकरीचं, आणि इथं मला तुमच्याइतकीच घाई आहे. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करू देऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम २० काढून वाचा. नोकरीत असताना ज्याला अपंगत्व आलं त्याला सरकारी आस्थापनेनं कामावरून काढायचं नाही, खालच्या पदावर टाकायचं नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं पद नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येहून जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचं. स्थानिक स्वराज्य संस्थाही यात येतात, म्हणजे जिल्हा परिषदही आली. मुख्याध्यापक वाईट हेतूनं बोलत असतील असं मी म्हणत नाही, अनेकांना हे कलमच ठाऊक नसतं. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, लागेल. तिथं एक गोष्ट लक्षात ठेवा. जिल्हा रुग्णालयात कुणीतरी तक्ता वाचायला लावील, मिस्टर बऱ्याच ओळी वाचतील आणि तुम्हाला सांगतील की नजर चांगली आहे. तिथून परत यायचं नाही. कायद्याच्या व्याख्येत नजरेचं क्षेत्र १० अंशांहून कमी असेल तरी ते अंधत्वच धरलं आहे, तक्त्यावर अक्षर कितीही बारीक वाचता आलं तरी. १० ते ४० अंशांमध्ये असेल तर अल्पदृष्टी. फील्ड टेस्टचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या आणि तोच पुढं करा.

आता काठी.

ते जेवले नाहीत, यात मला नवल वाटलं नाही. पूर्ण अंध माणसापेक्षा आर.पी.च्या माणसाला काठी हातात घेणं जड जातं. लोक त्यांना आयुष्यभर खोटं ठरवत आलेले असतात. पेपर वाचतो आणि खुर्चीला अडखळतो, म्हणजे लक्ष नसतं. ओळखीच्या माणसाला बाजूनं जाताना नमस्कार करत नाही, म्हणजे मास्तर गर्विष्ठ झाले. संध्याकाळच्या लग्नाला जात नाही, म्हणजे माणूसघाणा. हे सगळं झाकत, सावरत त्यांनी चाळिशी गाठली. आता काठी धरली की लोक म्हणणार, दिसतं की तुम्हाला, हे नाटक कशाला? आणि शाळेच्या आवारात पोरं बघणार. तुम्ही काठी आणू का विचारलंत, त्यांना ऐकू आलं की आता तुम्हीही त्यांना आंधळा म्हणता. त्यांच्याशी काठीबद्दल पुन्हा बोलू नका. निदान तुम्ही तरी नको. आधीपासून काठी वापरणारा आर.पी.चाच एखादा नोकरदार माणूस त्यांच्याशी बोलला तर ते ऐकतील. अशी गाठ प्रशिक्षण देणाऱ्या संस्था घालून देतात.

काठी काय करते ते मात्र तुम्ही समजून घ्या. तिची उंची छातीच्या हाडापर्यंत असावी लागते, बाजारातली मिळेल ती चालत नाही. ती बेंबीसमोर धरायची आणि मनगटातून दोन्ही खांद्यांपेक्षा थोडी जास्त रुंद अशी डावी-उजवीकडे फिरवायची. उजवं पाऊल पुढं पडताना टोक डावीकडे टेकतं, डावं पाऊल पडताना उजवीकडे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा टोकानं आधीच तपासलेली असते. डांबराचा आवाज वेगळा, मातीचा वेगळा, गटाराच्या लोखंडी जाळीचा वेगळा. आणि जिथं जाळीच नाही तिथं टोक खाली जातं. एक पाऊल आधी कळतं. तुमच्या स्टँडजवळच्या त्या गटाराशी टोक खाली गेलं असतं आणि मिस्टर थांबले असते. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी बसवली. नंतर यंत्रं आली नि गेली, पण ही टिकली, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही.

तुमच्या मिस्टरांचा फायदा असा की त्यांना मधली नजर आहे. जमिनीचं काम काठीवर सोपवलं की डोळे वर उचलता येतात. आज ते पायाखाली बघत चालत असणार, मान खाली, खांदे आखडलेले. मग ती नळी पूर्ण जमिनीवर खर्च होते आणि समोरून येणारा ट्रॅक्टर कळत नाही. आम्ही शिकवतो की नजर लांब ठेवा, ठरलेल्या क्रमानं डावीकडून उजवीकडे फिरवा, पाटी वाचा, एसटीचा बोर्ड वाचा, आणि पायाजवळचं काठीला बघू दे. सुरुवातीला काही तास डोळ्यांवर पट्टी बांधून चालवतो. कठोर वाटतं, पण उरलेल्या नजरेवर भिस्त असली की हात काठीचं ऐकत नाही. संध्याकाळी हेच कामाला येतं. काठीला एक गोष्ट कळत नाही : कमरेच्या वरचे अडथळे. रस्त्यावर आलेली फांदी, उभ्या ट्रकचा मागचा फाळका, दुकानाचा खाली आलेला पत्रा. त्यासाठी आयआयटी दिल्लीत प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या गटानं ‘स्मार्टकेन’ तयार केली, २०१४ मध्ये ती बाजारात आली. काठीच्या मुठीवर बसणारं अल्ट्रासाउंडचं यंत्र, ३ मीटरपर्यंतचा अडथळा मुठीच्या थरथरीतून सांगतं. सुरुवातीची किंमत तीन हजारांच्या आसपास होती. मिस्टर साध्या काठीवर तयार झाले की मगच ती घ्या.

तुमच्यासाठीही एक बदल आहे. पत्रात नाही, पण माझा अंदाज आहे की तुम्ही त्यांचा हात धरून ओढत पुढं चालता. सगळ्या घरांत असंच असतं, मायेनंच. यापुढं तुम्ही धरू नका, त्यांना तुमचं कोपर धरू द्या, कोपराच्या जरा वर. तुम्ही अर्धं पाऊल पुढं, ते मागं. तुमचं अंग वळलं, पायरीला वर गेलं, खाली आलं, ते त्यांच्या हाताला कळतं, सांगावं लागत नाही. अरुंद जागा आली की तुमचा हात पाठीमागं न्या, ते आपोआप मागं येतील. अंगणात करून बघा. आणि घरातलं सामान त्यांना न सांगता हलवू नका, दारं अर्धवट उघडी ठेवू नका.

प्रशिक्षणासाठी तुम्हाला पुणे जवळ पडेल. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन तिथं आहे. मुंबईत वरळीला नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, आहे, नॅबच्या महाराष्ट्र शाखेचं काम नाशिकहून चालतं. तिथं विचारलं तर तुमच्या जिल्ह्यात कोण शिकवतं तेही सांगतील. बोलताना ‘मोबिलिटी ट्रेनिंग’ हवं आहे असं स्पष्ट सांगा, नाहीतर ब्रेलपासून सुरुवात होईल आणि त्याची त्यांना आज गरज नाही. शिकण्याचा शेवटचा टप्पा तुमच्या गावातच झाला पाहिजे : घर ते स्टँड, स्टँड ते शाळा. प्रशिक्षकाला त्या वाटेवर यायला सांगा, गाडीभाडं तुम्ही द्या. त्या गटारावर झाकण बसवायचा अर्ज दिरांनी ग्रामपंचायतीत आताच देऊन ठेवावा, पडल्याचे दवाखान्याचे कागद जोडून.

मिस्टरांना हे पत्र वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या मते पान त्यांच्या हातात द्यावं, अजून वाचता येतं त्यांना. संस्थेला पहिला फोन मात्र त्यांनी स्वतः करावा. तुम्ही किंवा दिरांनी केला तर ते प्रशिक्षण त्यांना तुमचं वाटेल. महिना लागला तरी लागू द्या. तोवर फील्ड टेस्ट करून घ्या, रजेचा अर्ज आणि प्रमाणपत्राचा अर्ज रीतसर पाठवा, प्रत्येक कागदाची पोच घ्या. आणि शाळेकडून राजीनाम्याबद्दल काही लेखी आलं तर उत्तर देण्याआधी मला पाठवा.